नरसिंहरावांच्या मेंदूतली रेघ

इकडे कानडी मुलखातल्या शिवाजीनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या कमलाक्काच्या तोंडाचा पट्टा सुटला की दुधवालासुद्धा जिन्यातूनच परत फिरायचा. तिचा नवरा नरसिंहराव शहराबाहेरच्या होसकोट्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, सोशीक माणूस. त्यांना पार्किन्सन्स झाला. हात कापू लागले, चेहऱ्याचे स्नायू आखडले आणि हसू पार पुसलं गेलं. हा आजार आहे हे अक्काला कळत होतं, पण वळत नव्हतं. "दगडाला तरी पाझर फुटेल!" म्हणत ती दिवसभर करवादायची. पोटात मात्र एकच भीती होती, की आपण यांना नकोशा झालो.

कंप थांबावा म्हणून मेंदूचं ऑपरेशन ठरलं. त्यात रुग्ण जागाच असतो. तेवढ्या वेळात एक बारीक तार आत ठेवून डोपामीन, सेरोटोनिन अशा रसायनांची चढउतार त्याच क्षणी पडद्यावर बघायची होती. संशोधन करणारी डॉक्टर पवित्रा निपाणीकडची, मराठी बोलणारी. तिने परवानगी घेतली आणि नरसिंहरावांना ऐकवायला घरच्या माणसाचा आवाज मागितला. अक्काने माझ्यासमोरच फोनवर रेकॉर्ड केला. "अहो, मी इथंच आहे हं. भिऊ नका." इतक्या मऊ आवाजात बोलताना मी तिला जन्मात ऐकलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. अक्काने पवित्राला ऑपरेशन थिएटरच्या दारातच गाठलं.

"माझ्या आवाजानं काही झालं काय गं त्यांना?"

"झालं की अक्का! डोपामीनची रेघ केवढी उडाली."

अक्का आनंदाने रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे घरी मी रोज बोलते, तेव्हापण उडते?"

पवित्राला खोटं बोलता येत नाही. "ते स्वल्प वेगळं आहे, अक्का. वाटलं होतं त्यापेक्षा चांगलं काही मिळालं, की ती उडते. रोज मिळणारच असेल, तर तेवढी नाही उडत."

अक्काचा तो चेहरा मला बघवेना. तिचा रागही आला आणि तिच्यासाठी जीवही तुटला.

घरी आल्यावर तिने जीभ आवरली. ताट वाढताना, पांघरूण घालताना तोच मऊ आवाज. त्यांचे हात कापायचे थांबले होते. नरसिंहरावांचा चेहरा मात्र तसाच कोरा. थंडी सरता सरता न्यूमोनियाने ते गेले.

पवित्रा भेटायला आली, तेव्हा अक्काने तिचा हात धरला.

"थंडीभर गोड बोलले गं मी. शेवटी तरी ती रेघ उडायची थांबली असेल काय? झाली असेल ना त्यांना सवय?"

तार तर ऑपरेशनच्या दिवशीच काढलेली होती.