टिकूचं वाकडं शिंग

"शिंग अडकतंय," मी म्हणालो.

"तो सीधुं करो ने, देवरेभाई," जिग्नेशभाई म्हणाले.

जिग्नेशभाई आमचे मालक. गलोंड्याला त्यांचा प्लास्टिकच्या खेळण्यांचा कारखाना आहे. तिथे मी मोल्ड, म्हणजे साचे, डिझाइन करतो. मुंबईची एक कंपनी लहान मुलांसाठी अ‍ॅनिमेशनचा पिक्चर काढत होती. हीरो टिकू नावाचं करडू. त्याची खेळणी आमच्याकडे बनणार होती.

टिकूचं एक शिंग हुकासारखं वळलेलं. साच्याचे दोन भाग असतात, ते सरळ उघडतात. वळलेला माल आत अडकून बसतो. आम्ही त्याला अंडरकट म्हणतो. बाजूने सरकणारा तुकडा बसवला की सुटतो, पण मोल्ड महाग होतो आणि माल सावकाश निघतो. जिग्नेशभाईंनी नकारार्थी मान हलवली. शिंग वेगळं बनवून चिकटवू, मी म्हटलं. ते निघालं आणि कुणाच्या बाळानं गिळलं तर? तेही बाद.

मी सरळ शिंगाचं ड्रॉइंग पाठवलं. निर्मात्यांचा फोन आला. "मस्त! पिक्चरमध्येपण तसंच करून टाकतो. दोन्ही मॅच झाले पाहिजेत ना."

मला बरं वाटलं. क्लायंट इतक्या पटकन ऐकत नाहीत.

पिक्चर तयार झाल्यावर सिल्वासाच्या थिएटरमध्ये कामगारांच्या मुलांसाठी शो ठेवला. मी माझ्या मुलीला, सईला, घेऊन गेलो. शेजारी पिक्चरची दिग्दर्शिका अदिती बसली होती.

सुरुवातीलाच सगळी करडं टिकूला पाहून फिदीफिदी हसायला लागली.

"बाबा, याला का हसतायत?" सईनं विचारलं.

मी अदितीकडे पाहिलं.

"शिंग वाकडं होतं म्हणून," ती हळूच म्हणाली. "शिंग कॉम्प्युटरवर लगेच बदललं. गोष्ट बदलायला वेळ दिला नाही."

मी खुर्चीत जरा खाली सरकलो.

शेवटी टिकूची बहीण दरीत पडते. टिकू दोर शिंगात अडकवून तिला वर ओढतो. आता त्या गुळगुळीत, सरळ शिंगावर दोर टिकणार कसा? म्हणून शिंगाभोवती जादूचा सोनेरी उजेड पाडला होता.

"अरे, रस्सी छूट जाएगी!" मागून एक पोरगी ओरडली. जिथे रडायचं, तिथे अख्खं थिएटर हसलं. सई तेवढी घाबरली होती. "बाबा, ती पडेल ना?"

बाहेर सगळ्यांना टिकू वाटले. जिग्नेशभाईंनी एक अदितीच्या हातात दिला. "टॉय कैसा बना, मॅडम?"

तिनं शिंगावरून अंगठा फिरवला. "अगदी पिक्चरसारखा."

जिग्नेशभाई खूश झाले.

पिक्चर आठवड्यात उतरला. उरलेल्या खोक्यांवर टिकूच्या नावावर 'बकरी' असं स्टिकर लावलं. दादऱ्याच्या बागेबाहेर ती अजून खपते. मोल्डबद्दल एकही तक्रार नाही.

हल्ली पिक्चरचं काम आलं की ड्रॉइंग उघडायच्या आधी मी फोन करून गोष्ट विचारतो. जिग्नेशभाई कुरकुरतात, "देवरेभाई, स्टोरी ऐकण्यात तुमचा अर्धा दिवस जातो."

जातो. ड्रॉइंगवर सगळी मापं असतात. शिंग कशासाठी आहे, हे लिहिलेलं नसतं.