दोन्ही वायरी एकाच खांबावरून

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. बहिणीला तर नाहीच — आणि केलं ते तिच्यासाठी. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल.

कोपरगावकडच्या आमच्या गावात घरोघरी इंटरनेटच्या वायरी मी ओढतो. कंपनी कुठलीही असो, खांबावर चढणारा मीच. शाळेचे निवृत्त हेडमास्तर — त्यांना नुसतं सर म्हणू — त्यांच्या घरीही मीच. सरांवर माझा राग होता, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. माझ्या बहिणीची सोयरीक जुळत आली होती. मुलाकडचे रीतीप्रमाणे गावात चौकशीला आले, ते नेमके सरांच्या ओट्यावर टेकले. सर म्हणाले, "पोरगी चांगली आहे. पण बाप पिऊन पिऊन गेला. बघा बाबा, तुमचं तुम्ही." खोटं होतं का? नाही. पण मेलेल्या बापाचं काढायची गरज होती का? पाहुणे परत फिरकले नाहीत. बहिणीनं चार दिवस अन्नाला हात लावला नाही. मी तेव्हाच खूणगाठ बांधली.

मग सरांची मुलगी अश्विनी माहेरी राहायला आली. आई अंथरुणाला खिळलेली, आणि अश्विनीची नोकरी पुण्यातली, घरून करायची. कंपनीनं बजावलं होतं — पुन्हा लाइन गेली तर पुण्यात येऊन बसायचं. तिनं मला बोलावलं.

"दादा, एक बंद पडली तरी दुसरी चालू राहील असं करा. मी गेले तर आईचं कोण करणार?"

दुसऱ्या कंपनीची लाइन मागच्या बोळातून आणायला हवी होती. तिकडं वाहनच शिरत नाही. मी ती पुढच्या रस्त्यावरून आणली, पहिलीच्या शेजारून, त्याच खांबावरून. त्या रस्त्यानं कारखान्याचा ऊस जातो. उंच भरलेल्या ट्रॉल्या दर हंगामात तिथल्या वायरी ओढून नेतात — हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? तरी मी म्हणालो, "निवांत ऱ्हावा ताई. दोन्ही येगळ्या हायेत."

हंगाम सुरू झाला आणि पंधरा दिवसांत ट्रॉलीनं दोन्ही तोडल्या. भर सकाळी, तिची मीटिंग चालू असताना. माझा फोन वाजत राहिला — मी चौकात चहा पीत होतो. तासाभराचं काम दोन दिवस लांबवलं. आणि खरं सांगू? तो चहा फार गोड लागला.

अश्विनी पुण्याला गेली. जाताना म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार, दादा." मी मान हलवली.

महिन्याभरानं सरांनी दोन्ही लाइन काढायला बोलावलं. राउटर बाईंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, खाटेपाशीच होता. सर त्यांना चमच्यानं पेज भरवत होते, निम्मी त्यांच्याच सदऱ्यावर सांडत होती. मनात म्हटलं — भोगा आता. आजही तेच म्हणतो. पश्चात्ताप झाला असं सांगू कशाला, झालेला नाही.

पण माझ्या पावलांच्या आवाजानं बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "आशू, आलीस व्हय गं?"

सरांनी पुढचा चमचा भरला. या बाईनं कोणाची सोयरीक मोडली होती? बाईंनी पुन्हा विचारलं. मी राउटर पिशवीत टाकला आणि बाहेर पडलो.