माझ्या गाण्यातला दुसऱ्याचा आवाज

माझा स्वभाव मुळातच संशयी. दुकानदाराने मापात मूठभर गहू जास्त टाकला तरी मला वाटायचं, गहू किडका असणार. अशा माणसाने बँड काढू नये. आम्ही चौघांनी तो नव्वदच्या दशकात, जुन्या जालन्यात काढला. रॉक म्हणजे काय हे सांगताना पुरेवाट व्हायची. लोक ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "वरातीत वाजवता का?" गाणी माझी, गायचोही मीच. गिटार वाजवायचा माझा जिवलग मित्र. त्याचं कापडाचं दुकान. घराणं कधीकाळी राजस्थानातून आलेलं, पण बोली माझ्यापेक्षा अस्सल जालन्याची. उरलेले दोघे ढोलताशातून आलेले चुलतभाऊ होते, एक ड्रमवर, एक बासवर.

आमचा एकच अल्बम निघाला. औरंगाबादच्या एका स्टुडिओत, जिथे एरवी भजनं आणि जागरण-गोंधळ रेकॉर्ड व्हायचे. तिथल्या रेकॉर्डिस्टने पहिलं गाणं संपल्यावर विचारलं, "तालीम झाली ना? आता गाणं होऊ द्या." दोन दिवसांत सगळी गाणी झाली. आवाज जुळवून कॅसेट काढून घ्यायचं काम तेवढं राहिलं. मला एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या कंपनीत ड्युटी होती, म्हणून मित्र एकटाच गेला. परतला तेव्हा त्याचा घसा बसलेला होता. "बसमधी लई धूळ," तो म्हणाला. मनात पाल चुकचुकली.

कॅसेट माझ्या घरी चौघांनी मिळून लावली. पहिल्याच ओळीला मी टेपरेकॉर्डरला कान लावला. तो आवाज माझा नव्हता. बारीक, कोवळा, थोडा नाकातला. मित्राचा आवाज तसाच होता, मागून साथ करताना वरचा सूर तोच धरायचा. गिटारही भरभर वाजत होती, म्हणजे तीसुद्धा नव्याने वाजवलेली. घसा का बसला, तेही उलगडलं. पुरावे असे एकात एक बसत गेले की मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

"हे मी गायलेलं न्हाई," मी म्हणालो.

"तूच हाय बिलकुल," मित्र म्हणाला. "टेप जल्दी पळून राह्यलाय, असं वाटतंय मला. त्या रेकॉर्डिस्टला विचारून येतो."

विचारून आला. रेकॉर्डिस्टने कानावर हात ठेवले, म्हणे टेपला काहीच केलेलं नाही. झालं! कुठेतरी पाणी मुरतंय याची माझी खात्री पटली. ड्रमवाला आणि बासवाला म्हणाले, आवाज तुझाच वाटतो. मग तेही मला सामील वाटू लागले. ज्या गाण्यांवर मी जीव टाकला होता, त्यांच्यावरून माझ्याच मित्राने मला पुसून टाकलं होतं. फार दुखलं मला. आजही तो राग आठवला की कान तापतात.

शेवटी मी त्याला म्हणालो, "चल राजूरला. गणपतीसमोर शपथ घे."

तो माझ्या गाडीवर मागे बसला. देवळाच्या पायरीवर हात ठेवून म्हणाला, "मी टेपवरून तुझा आवाज काढला न्हाई." बाहेर चहा पिताना मी म्हणालो, "तुमचे देव दुसरे. इथली शपथ तुला काय बांधणार?" त्याची आई दर चतुर्थीला तिथे येते, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून बोललो. त्याने अर्धा कप तसाच ठेवला आणि भरलेल्या जीपमध्ये चढून निघून गेला. बँड तिथे संपला.

मी ती कॅसेट पुन्हा लावली नाही. लग्न झालं, पोरं झाली. बऱ्याच वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत बायकोला ती सापडली आणि तिने घरातल्या जुन्या टेपरेकॉर्डरवर लावली. त्याचा आतला पट्टा सैल झाला होता, सगळंच रेंगाळत वाजायचं. मी बाहेर अंगणात होतो. आतून तिने हाक मारली, "अहो, हे तुम्ही गायलंय?"

मीच गात होतो. जाडसर, थोडा फाटलेला, माझाच आवाज. गाणी कॅसेटमध्ये मावेनात म्हणून त्या रेकॉर्डिस्टने टेप वेगाने पळवून भरली असणार आणि विचारल्यावर हात झटकले असणार; आमच्या रेंगाळणाऱ्या टेपरेकॉर्डरने तो वेग पुन्हा उतरवला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला हसू आलं, मग रडू आलं.

दुसऱ्याच दिवशी मित्राच्या दुकानात गेलो. तो पडद्याचं कापड मोजत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी उभा राहिलो, मग सगळं सांगितलं आणि म्हणालो, "चुकलं माझं."

त्याने चहा मागवला. कापडाची घडी घातली.

"मशीननं सांगितलं म्हणून तुला पटलं," तो म्हणाला. "मी सांगितलं, तवा न्हाई पटलं. तुझा घरचा टेपरेकॉर्डर बराबर चालला असता, तर आला असता का रे तू?"

आलो असतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला ते खोटं वाटलं असतं, आणि त्याचा संशय खरा ठरला असता.