झाकणाखालचा तुकडा

लेकरांनो, तुमचं पत्र मिळालं. रविवारी दोघे भाऊ गाडीचं इंजिन उघडून बसता, संध्याकाळपर्यंत हात काळे होतात, एकमेकांशी भांडण होतं आणि गाडी तशीच उभी राहते, असं लिहिलं आहे. वाचून हसू आलं. पण मग एक गोष्ट आठवली. ती मी तुमच्या आईलासुद्धा नीट सांगितलेली नाही.

मी पंधरा वर्षांची होते. दुसरी मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. आम्ही निजामाच्या मुलखात, हिंगोलीजवळच्या गोरेगावला राहत होतो. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, वकील होते. त्यांची वकिली उर्दूत चाले, इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मी जालन्याला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले होते. मावशीच्या यजमानांची बदली झाली आणि मी घरी परत आले.

अण्णांनी एका गोऱ्या साहेबाची जुनी मोटार घेतली होती. तिच्याबरोबर एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. मोटार बिघडली की अण्णा बाह्या वर करत आणि मला हाक मारत. मी पायरीवर बसून वाचायचं, मराठीत सांगायचं, त्यांनी नटबोल्टांवर पाने फिरवायचे. आणि मी वहीत यादी करायची. एकेक भाग तपासला की त्याच्यापुढे खूण. स्वतः पाहिल्याशिवाय खूण करायची नाही, हा नियम माझाच.

त्या वर्षी भाद्रपदात औरंगाबादच्या एका मुलींच्या शाळेतून पत्र आलं. वसतिगृहात एक जागा रिकामी झाली आहे, मुलीने दसऱ्याच्या सुट्टीआधी हजर व्हावं, नाहीतर जागा दुसरीला जाईल. अण्णांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. ओट्यावर बसून चार लोकांना सांगितलं, "माझी पोरगी मॅट्रिक होणार. मी स्वतः मोटारीनं हिंगोलीच्या स्टेशनवर नेऊन सोडतो तिला."

निघायच्या दिवशी सकाळी मोटार सुरूच होईना.

अण्णांनी हँडल मारून मारून सदरा ओला केला. मग पुस्तक निघालं. पेट्रोल होतं. नळी फुंकून पाहिली, कार्बोरेटर धुतला. प्लग काढून इंजिनाला टेकवला, अण्णांनी हँडल मारलं आणि मी डोळे लावून बसले. ठिणगी नाही. मी पान उलटलं. "अण्णा, लिहिलंय की ठिणगी नसेल तर डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून आत पाहा."

"ते मी पहाटेच पाहिलं," अण्णा म्हणाले. "बराबर आहे."

मी खूण केली.

आमच्या शेजारी पिठाची गिरणी होती. तिचं इंजिन चालवणारे चाचा रोज कुंपणापाशी येऊन उभे राहत. एकदा म्हणाले, "वकीलसाब, ढक्कन खोलके देखू क्या जरा?"

"नको चाचा. घरची गाडी घरीच दुरुस्त होईल."

"तो फिर बैल जोड लो. बैल को पेट्रोल नहीं लगता."

सगळे हसले, अण्णाही हसले. मला मात्र चाचांचा राग आला. आमच्या कामावर त्यांचा भरवसा नाही असं वाटलं.

मग अण्णा म्हणाले, बॅटरी उतरली असणार. हिंगोलीला कापसाच्या एका जिनिंगमध्ये बॅटरी भरून मिळे. ती बैलगाडीत ठेवून पाठवायचं ठरलं. मी विचारलं, "अण्णा, मीही याच गाडीतून जाऊ का? स्टेशन तिथंच आहे."

"बॅटरी आली की मोटार सुरू," ते म्हणाले. "बैलगाडीत हाडं कशाला खिळखिळी करून घेतेस? लोक काय म्हणतील, वकिलानं मोटार असून पोरीला छकड्यात धाडलं."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मोटारीतूनच जावं असं मलाही वाटत होतं. बॅटरी चार दिवसांनी भरून आली. काही फरक पडला नाही. मग वायरी सोडून पुन्हा जोडल्या, प्लग घासले, तेल बदललं. माझी नखं सतत काळी असत. रोज रात्री पेटी भरलेली असे आणि रोज अण्णा म्हणत, "उद्या नक्की." मुदत उलटली त्या दिवशी मी रडले, तेव्हा आधी त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तीन दिवसांनी खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुजतात आणि त्यांना विश्रांती देतात. विळी, कोयता, कुऱ्हाड, मोटारीचे पाने, हँडल, सगळं धुऊन पाटावर मांडलं होतं. मी हळदकुंकू वाहत होते. आईनं मधोमध एक तबक ठेवलं. त्यात चाकू-कात्रीशेजारी एक तपकिरी तुकडा होता, अंगठ्याएवढा, वर पितळेची पट्टी. आईनं त्याला कुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं होतं.

त्याचं चित्र मी पुस्तकात कितीदा पाहिलं होतं. तो डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाखाली बसतो. तो नसेल तर ठिणगी पडत नाही.

"आई, हे कुठं सापडलं?"

"ह्यांच्या काळ्या कोटात. रुमालात बांधून ठेवलं व्हतं. मोटारीचंच दिसून राहिलं, म्हणलं देवाला चुकायला नको. काहून गं?"

मी तुकडा उचलला, पाटावरचं हँडल उचललं आणि बाहेर गेले. आई मागून ओरडली, "अगं, आज हत्यार उचलून राहिली का! ठेव आधी!" झाकण दोन चिमट्यांवर असतं, हातानं निघतं. तुकडा दाबून बसवला, झाकण लावलं, आत हात घालून चावी फिरवली. पहिल्याच हँडलला मोटार सुरू झाली.

आवाजानं लोक जमले. चाचा कुंपणापाशी आले. "क्या था बेटी?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा पायऱ्या उतरत म्हणाले, "वायर ढिली होती. पोरीनं शोधून काढली. पाहा, इंग्रजी शिकल्याचा फायदा!"

लोकांनी वाहवा केली. चाचांनी माझ्या हाताला लागलेलं कुंकू पाहिलं, मग अण्णांकडे पाहिलं आणि परत गिरणीत गेले.

लोक पांगल्यावर मी मोटार बंद केली. अण्णांनी सगळं सांगितलं. थोरल्या काकांचं पत्र आलं होतं: मुलगी वसतिगृहात धाडलीत तर आमच्या मुलींना स्थळं येणार नाहीत, मग तुमचा आमचा संबंध संपला. आणि साहेबाच्या ड्रायव्हरनं मोटार देतानाच दाखवलं होतं, परगावी मोटार उभी करायची तर हा तुकडा काढून खिशात ठेवावा, म्हणजे कुणाला ती पळवता येत नाही.

"तुला नाही म्हणवेना गं मला," अण्णा म्हणाले.

म्हणून त्यांनी मोटारीला नाही म्हणायला लावलं, आणि तीन आठवडे मला तिच्यासमोर बसवून ठेवलं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते, उपाशी राहिले असते. कदाचित हरले असते. पण भांडायचं कुणाशी, ते तरी मला कळलं असतं.

मोटार बिघडल्यामुळे येता आलं नाही, असं पत्र शाळेला मीच लिहिलं. तिथल्या मुख्य बाईंचं उत्तर आलं: जागा भरली आहे, एव्हाना तुमची मोटार दुरुस्त झाली असेल, तेव्हा पुढच्या वर्षी वेळेवर अर्ज करावा.

पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. मॅट्रिक मी तुमच्या आईच्या जन्मानंतर झाले. सासरी मला त्याच मोटारीतून पोचवलं. वाटेत ती एकदाही बंद पडली नाही. आदल्या दिवशी अण्णांनी तिचा एकूण एक भाग तपासला होता. पुस्तक वाचून दाखवायला त्यांनी मला बोलावलं नाही, आणि मीही गेले नाही.