मी सभेतून उठलो नाही

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोला ठाऊक होतं, पण तिनंही पुन्हा कधी विषय काढला नाही. आता तुम्हाला सांगतोय – का, ते विचारू नका. मलाच नीटसं माहीत नाही.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघं भाऊ नागपुरात एकाच घरात राहत होतो. धाकट्याची बायको सिंधू. गावाकडचे पेशंट सरकारी दवाखान्यात यायचे, सोबतचा माणूस दोन दिवसांत शेतीच्या कामाला परत जायचा, आणि मागे पेशंट एकटा. सिंधू अशांजवळ जाऊन बसू लागली. पाणी द्यायचं, नर्सला हाक मारायची, रात्री हात धरून बसायचं. तिचं पाहून मोहल्ल्यातल्या इतर बाया जाऊ लागल्या, मग दुसऱ्या मोहल्ल्यांतल्याही. बघता बघता चळवळ उभी राहिली. लोक तिला ‘सोबत’ म्हणू लागले.

आणि मी? मी वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट. कायद्याची भाषा मला यायची, निदान तसा माझा समज होता. चळवळीला घटना हवी असं ठरलं, तेव्हा मसुदा करायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. खरं सांगू? मी त्याची वाटच पाहत होतो. दवाखान्यात मला सगळे ‘सिंधूताईंचे भासरे’ म्हणून ओळखायचे. नवऱ्याचा थोरला भाऊ – बस, एवढीच माझी ओळख. ते मला टोचायचं. हसू नका. फार टोचायचं.

मसुद्यात मी एक कलम घातलं. मताचा हक्क देणगीदारांना आणि कार्यकारिणीने मंजूर केलेल्या सभासदांना. पेशंटजवळ बसणाऱ्या बाया ‘सेविका’. त्यांना मान भरपूर, मत नाही. बायांना मत दिलं असतं तर अध्यक्ष कोण झालं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. लकडगंजातले लाकूडवाले शेठजी सगळ्यांत मोठे देणगीदार, त्यांना कलम पसंत पडलं. पण मसुदा मोहल्ल्या-मोहल्ल्यांत वाचून लोकांचं मत घ्यायचं ठरलं होतं, आणि आमच्या मोहल्ल्याची सभा शेवटची होती.

सभेच्या दिवशी सकाळी माझी बायको कमल चहा ठेवता ठेवता म्हणाली, “आज सभेत तुम्ही घडीभर पान खायले बाहेर जाजा. बहुत काही सांगाचं हाये सिंधूले. तुमच्यासमोर थे कशी बोलंन?”

आमच्या घरात सून भासऱ्यापुढे बोलत नसे. मी ओसरीवर येण्याआधी खाकरायचो, ती आत जायची. सिंधू लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा आवाज मी भिंतीपलीकडूनच ऐकलेला. तेव्हा कमलचं म्हणणं मला कळलं नाही, असं मी म्हणूच शकत नाही. मी मान डोलावली.

देवळाच्या मंडपात सभा भरली. मी कलमं वाचली. मग विचारलं, कुणाला काही सांगायचं आहे का? सिंधू खांबाजवळ बसली होती, पदर कपाळाखाली ओढलेला. तिनं एकदा दाराकडे पाहिलं. मग कमलकडे. कमलनं माझ्याकडे. मला उठायचंच तर होतं – पानठेला समोरच होता – काय लागत होतं उठायला?

मी बसून राहिलो. वर पंख्याकडे तोंड करून पुन्हा मोठ्यानं विचारलं, “कोणाची काही हरकत?” कुणीच बोललं नाही. बाया सिंधूच्या तोंडाकडे पाहत होत्या. मी म्हणालो, एकमताने मंजूर. टाळ्याही वाजल्या. देणगीदारांच्या मतांवर मी अध्यक्ष झालो, आणि मला आनंद झाला. हो, झाला. तोही सांगायला हवा.

कार्यकारिणीनं पहिल्याच बैठकीत ठरवलं की सेविकांनी फक्त दिवसा जावं, उगाच बोभाटा नको. पेशंटला माणूस लागतो तो रात्री, हे त्या बैठकीत कुणाला माहीतच नव्हतं. मला होतं. सिंधू तरी काही दिवस रात्रीची जात राहिली. मग हे बंद करा असा शेठजींनी निरोप धाडला, आणि तिनं जाणं थांबवलं. हळूहळू बाकीच्याही थांबल्या. आमचे सत्कार मात्र पुढे बरीच वर्षं चालले.

पण एवढ्यावर भागलं नाही. एकदा जेवताना धाकट्यानं विचारलं, “दादा, असा कसा नियम केला तुम्ही? रोज रडून राहिली थे.” सिंधू पदर ओढून, खाली मान घालून भाकरी वाढत होती. मी ताटातून मान वर न काढता म्हणालो, “भर सभेत विचारलं होतं न. तवा काहून नाही बोलली मंग?”

ती आत गेली. धाकटा तिच्यावरच चिडला. आपल्या हातचं काम हिनं आपल्याच मुकेपणानं घालवलं, असं तो पुढे जन्मभर म्हणत राहिला, चारचौघांतसुद्धा. तो गेला तेव्हाही त्याला तेच खरं वाटत होतं. तिला बोलता यावं म्हणून मी उठून जायचं कबूल केलं होतं, हे सिंधूनं त्याला कधी सांगितलं नाही. ती माझ्याविरुद्ध बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्याच भरवशावर मी त्या दिवशी ताटावर बसून तसं बोललो होतो.