खेळाच्या बाईंची येळवस

पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे भूगोलाच्या पुस्तकातून मुलींना पटत असेल किंवा नसेल. पण ती खेळाच्या बाईंच्या शिट्टीवर फिरते, याविषयी लातुरातल्या आमच्या शाळेत कुणालाही शंका नाही. बाई दिसण्याआधी त्यांचा वास येतो: तापलेल्या मैदानाची धूळ, मुरगळल्या घोट्यांना चोळायचे मलम आणि पर्समधल्या गूळ-शेंगदाण्यांचा खरपूस दरवळ. चालणे हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. जिन्यावरूनही त्या घरंगळल्यासारख्या येतात. भाचीच्या लग्नात अक्षता पडल्यावर वऱ्हाड जेवायला हलेना, तेव्हा त्यांनी पैठणीच्या पदराआडून शिट्टी काढून अशी फुंकली, की मंडळींनी रांग केलीच, शिवाय नवरदेवही बोहल्यावरून उतरून तिच्यात सामील झाला. मला त्या ‘कवितेवाल्या बाई’ म्हणतात. शिक्षककक्षात मी खिडकीबाहेर पाहत बसले की पाठीवर थाप पडते, “बसून बसून शब्द आंबतेत वं. दोन चकरा मारून या मैदानाला.”

केनियातल्या एका खेड्यातल्या शाळेत आमच्या मुलींनी जायचे, तिथल्या मुलांना खो-खो शिकवायचा आणि त्यांच्याकडून त्यांचे खेळ शिकायचे, असे ठरले, तेव्हा तर बाईंच्या अंगात वारे संचारले. नववीच्या वर्गात पासपोर्ट हा शब्द पेढ्यासारखा वाटला जाऊ लागला. इंग्रजीशी बाईंचे नाते कबड्डीचे: श्वास धरून आत शिरायचे, हाती लागेल त्या शब्दाला शिवायचे आणि दम संपायच्या आत परत यायचे. तरीही तिथल्या मुख्याध्यापिकेशी फोनवर बोलून, त्यांची शाळा जानेवारीत कधी उघडते ते पाहून, बाईंनीच तारखा पक्क्या केल्या, तिकिटेही काढली.

आणि मग पालकसभेत स्फोट झाला. प्रवासाच्या ऐन मधोमध येळवस येत होती!

बाहेरच्यांना कदाचित कल्पना येणार नाही. येळवस म्हणजे वेळ अमावस्या; त्या दिवशी लातूर शहर रिकामे होते. दुकानांची शटरे खाली, रस्त्यावर एखादे सुस्तावलेले कुत्रे, आणि सारा जिल्हा आपापल्या शेतात. कडब्याची खोप उभारायची, तिथे पूजा मांडायची, हिरव्या दाण्यांची दाट भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली गार आंबील असे जेवण, तेही वाटसरूला हाताला धरून बसवून. त्या दिवशी लेकरू परदेशात? एक गृहस्थ उठलेच. “मॅडम, येळवशीला पोरगी न्हाई, मग भज्जी काय मी बांधाला वाढू?”

“येळवस तिथंच करू की,” बाई म्हणाल्या. “लेकरं खाल्ल्याबिगर यायची न्हाईत. माझा शब्द हाय.”

“तुमचं शेत इथं न्हाई, तिथं कुठून आणताव?” गृहस्थांनी टोमणा मारला.

सभा खो खो हसली. बाईही हसल्या, पण अर्धा क्षण उशिरा. तो अर्धा क्षण मला लागला. साऱ्या लातुरात येळवशीची तारीख विसरू शकेल असे माणूस एकच, ज्याच्या घरात त्या दिवसाची चूलच पेटत नाही. बाईंचे वडील डाळमिलमध्ये हमाल होते. गल्ली रिकामी झाली की ही भावंडे उंबऱ्यात बसून कुणाची तरी बैलगाडी थांबण्याची वाट पाहत. बहुतेकदा थांबे, कधी थांबत नसे. पुढे मानाची आमंत्रणे ढिगाने आली, बाई दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या शेतात पोटभर जेवल्या. पण “चला माझ्या शेतात” हे तीन शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नव्हते. ते आता समुद्रापार काढायचे होते.

बाईंच्या शब्दावर पालकांनी मुली सोडल्या, आणि दुभाषी म्हणून मीही निघाले. नैरोबीच्या विमानतळावर पांढऱ्या पिठाच्या पुरचुंड्या पाहून अधिकाऱ्याचे डोळे बारीक झाले. “व्हॉट इज धिस?” बाईंनी श्वास धरला. “सर, धिस ज्वारी. धिस बाजरी. यू कम, अमावस्या, फुल फॅमिली!” त्याने बोटाने पीठ चोळले, हुंगले, आणि त्याच्या काळ्याभोर चेहऱ्यावर घरचा काहीतरी वास ओळखल्याचे हसू उमटले. पुरचुंड्या सुटल्या. बाई मागे वळून त्याला पत्ता सांगत होत्या. मी त्यांना ओढून नेले.

खेड्यातली माती कुंकवासारखी लाल होती, आणि ऊन ओले वाटावे इतके चकचकीत. पहिल्या सकाळी दोन्हीकडची मुले वधूवरांकडच्या मंडळींसारखी समोरासमोर अवघडून उभी राहिली. शिट्टी वाजली, खो-खोची पाटी आखली गेली, आणि दुपारपर्यंत अनवाणी पायांची एक लाल वावटळ मैदानभर फिरू लागली. आमची कर्णधार धापा टाकत आली. “बाई, ह्या तर आपल्यालाच शिकवायल्यात! हाती लागंनात.”

“मग शीक की,” बाई आनंदाने ओरडल्या, “विमानाचं भाडं त्याच्यासाठीच भरलंय!”

पण अमावस्येच्या आदल्या दिवशी पेच पडला. उंच, खर्जातल्या आवाजाच्या मुख्याध्यापिकेने मोठ्या प्रेमाने शाळेचा हॉल देऊ केला. बाई मान हलवत राहिल्या. “हॉलमधी येळवस होत न्हाई. फील्ड, मॅडम. फील्ड!” तिने मैदान दाखवले. “नो, नो. पिकाचं!” मी भाषांतर करू लागले, तो बाईंनी मला थांबवले आणि स्वतःच हातांनी पेरणी केली, कापणी केली, घास केला, आणि शेवटी दोन्ही हात पसरून साऱ्या गावाला बोलावले.  तेव्हा मुख्याध्यापिका आम्हांला शाळेमागे घेऊन गेली. तिथे तिचे स्वतःचे शेत होते. मका काढून झालेला, वाळली ताटे वाऱ्यात कागदासारखी वाजत होती. ती म्हणाली, “उद्या हे तुमचं.”

 बाई शेताच्या कडेकडेने निघाल्या, सावकाश, एकेका कोपऱ्याशी थबकत. मी त्यांना प्रथमच चालताना पाहिले.

दुसऱ्या दिवशी मक्याच्या ताटांची खोप उभी राहिली. तिथल्या मुलांना मोळी बांधण्याची गाठ आमच्या मुलींहून चांगली येत होती. तिथल्या बाजारातले दाणे, पाने आणि आमचे बेसन यांची भज्जी रटरटली. आंबिलीचा पहिला घोट घेताच मुले “उजी! उजी!” म्हणून नाचू लागली, तशीच आंबट पेज त्यांच्याही घरी होत होती. बाई बांधावर उभ्या राहून रस्त्याने जाणाऱ्या सायकलवाल्याला, पाण्याला निघालेल्या बायांना, शाळेच्या सुताराला, दिसेल त्याला हाका मारत होत्या. “चला! चला माझ्या शेतात!” मराठीतच. आणि माणसे येत होती. सगळे उठेपर्यंत बाईंनी घास घेतला नाही. मग मडके निपटून, खोपीच्या सावलीत एकट्या बसून, डोळे मिटून जेवल्या.

पुढच्या येळवशीला आम्ही त्याच टोमणेवाल्या गृहस्थांच्या शेतात होतो. त्यांनी बाईंना पहिल्या पंगतीत बसवले होते. इतक्यात बाईंचा फोन वाजला. पडद्यावर लाल माती, सुटी असूनही जमलेली मुले, ताटांची जराशी कललेली खोप, आणि मुख्याध्यापिकेने खूण करताच सगळी एका सुरात ओरडली, “बाई, या जेवायला!”

“खोप पूर्वेला कलली वं!” बाई इकडून ओरडल्या. “बांधावरच्यांना वाढलं का?” मग फोन बंद झाला. हरभऱ्याच्या आंबट वासाचा वारा आला. बाई पत्रावळीवरच्या उंड्याकडे पाहत राहिल्या.

“काय मॅडम, जेवा की,” गृहस्थ म्हणाले. “कुणाचं बोलावणं होतं?”

“घरचंच,” बाई म्हणाल्या. “शेत जरा लांब हाय माझं.”