माझा नवरा अर्ध्यावर अडला

वाडीकरांनो, आपल्या नमनाच्या खेळाच्या जुन्या शूटिंगचं टॉरेंट तुम्हीच ग्रुपवर टाकलंत. त्यात माझा नवरा गौळण झालाय. उद्या बुरोंडीहून नणंद येतेय, गेलेल्या भावाला लुगड्यात बघायला.

आज सकाळी डाउनलोड अर्ध्यावर थांबलं. मी राउटर चारदा बंद-चालू केला. शेवटी सून म्हणाली, "आई, नेट बरं आहे. ही फाईल एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून येते. ज्यांनी घेतली त्यांनी मशीन बंद केलंय."

म्हणजे शेजारणीचं कालवण खाल्लंत आणि वाटी पालथी घातलीत.

पुतण्याला फोन लावला.

"काकी, आमचं कालच उतरलं."

"तुझं उतरलं रे, माझा नवरा अर्धाच आलाय. मशीन चालू कर."

केलंन. दुपारी गौळण पूर्ण उतरली. आता माझं मशीन चालूच ठेवलंय. अजून कोणाचं अडलंय?